दोन भाकरी जेवतात

आत्याबाईंना मोठ्या डॉक्टरांसमोर नेलं त्या दिवशी मी त्यांना दोन लुगडी नेसवली होती. आतून घरातलं जुनं, वरून निळं, जाड काठाचं. त्यावर माझं लांब बाह्यांचं पोलकं आणि पोलक्याच्या आत आणखी एक चोळी. अमरावतीचं ऊन तापायला लागलं होतं. त्या घामाने निथळत होत्या, पण एकदाही नको म्हणाल्या नाहीत. उलट आरशात बघून म्हणाल्या, "आता कशी भरल्या घरची दिसून राह्यली मी." आम्ही दोघी पोट धरून हसलो. इतर बायकांना वाईट स्वप्नं पडतात ती सापाची, नाही तर विहिरीत पडल्याची. माझ्या स्वप्नात ते हसणं ऐकू येतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. नवरा लवकर गेला, तेव्हा अकोल्याच्या एका जिनात कापूस निवडायचं काम त्यांनी धरलं आणि वीस वर्षं केलं. त्यावर एका मुलाला शिकवलं. तो कचेरीत कारकून झाला आणि मग माझ्या वाट्याला आला. मी अमरावतीची, राजापेठेतली. सातवी पास होते, लग्नानंतर अकोल्याच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. माझी जीभ तिखट, आत्याबाईंची त्याहून तिखट. आमचं जमलं ते बहुधा त्यामुळेच.

छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. आत्याबाई पांढरं लुगडं नेसून नागपूरला जाऊन आल्या आणि आल्यावर त्यांनी घरात एक नियम केला. बाहेरच्या कुणी विचारलं तर घरात आहे असंच सांगायचं. पीठ संपलेलं असलं तरी आहे. पोट रिकामं असलं तरी जेवलो. "मागून खानं सोडलं, आता मागनाऱ्यावानी दिसनंबी सोडा," असं त्या आम्हा दोघांना बजावायच्या. मला तो नियम फार आवडला होता. मी तो वर्गातल्या मुलींनाही शिकवला.

आता मुलगी बघण्याची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. आत्याबाई मला बघायला राजापेठेत आल्या तेव्हा माझ्या आईने मला थोरल्या बहिणीचं पोलकं घातलं होतं, मी जरा अंगाने भरलेली दिसावी म्हणून. आत्याबाईंनी मला चालायला लावलं, वेणी सोडून केस बघितले, सुईत दोरा ओवायला दिला. दळण किती करते, असं विचारलं. आई म्हणाली, "रोज दोन पायल्या." मी जन्मात कधी शेरभराच्या वर दळलं नव्हतं. लग्नानंतर आत्याबाई जात्यावर बसल्या की म्हणायच्या, "तुह्या मायच्या दोन पायल्या कुठं गेल्या व? इथं तं शेरभरातच हाताले फोडं आले." त्यांना तेव्हाही ठाऊक होतं की आई वाढवून सांगते आहे. सगळ्यांनाच ठाऊक असतं. मुलगी दाखवताना खरं माप कुणी सांगत नाही आणि मागणाराही ते धरून चालतो. एकदा पसंत झाली की मग उरलेलं संसारात भागवून घेता येतं, असा आमचा हिशेब.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. आत्याबाईंच्या पायातली चप्पल निघून जायची आणि त्यांना कळायचं नाही. अंगणातून घरात येईपर्यंत एक चप्पल वाटेत पडलेली. आम्ही चेष्टा करायचो. मग एक दिवस चुलीतला निखारा त्यांच्या पावलावर पडला. त्या भाकरी भाजत बसल्या होत्या, बोलत होत्या, आणि मला जळल्याचा वास आला. मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली बघितलं. निखारा उचलून चुलीत टाकला आणि कातडी जळलेल्या पायाकडे त्या दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तशा बघत राहिल्या.

त्यानंतर पाय झपाट्याने गेले. आधी भिंत धरून, मग माझा खांदा धरून, मग दोघांनी दोन बाजूंनी धरून. आमच्या वस्तीत तेव्हा संडास नव्हते. बायका पहाटे नालीपलीकडच्या पडीत जात. आत्याबाईंना तिथवर नेणं जमेना, तेव्हा मी एक जुनं पसरट भांडं त्यांच्यासाठी काढलं. पहिल्या दिवशी त्या दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "मले काई नको. वर्सभर जगवा का दहा वर्स जगवा. पन माह्या पायानं मले परसाकडं जाता आलं पायजे." त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

अकोल्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, पाठीच्या मणक्यांच्या नळीत एक दोरी असते, तिच्यावर दाब आला आहे. मागचं हाड काढलं की दाब जाईल. असं ऑपरेशन करणारे सर्जन अमरावतीला एका मोठ्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा येत. माझं माहेरच तिथे, म्हणून मी शाळेतून रजा घेतली आणि आत्याबाईंना घेऊन आठ दिवस आधीच राजापेठेत जाऊन राहिले. यांना रजा नव्हती. ऑपरेशनच्या दिवशी येतो म्हणाले.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, जी यांना माहीत नव्हती आणि मला होती. पाय जाण्याच्या कितीतरी आधीपासून आत्याबाई ओसरत चालल्या होत्या. पुरुषाला ताटात काय उरलं ते कुठे दिसतं? मला दिसायचं. दीड-दोन वर्षं त्या अर्ध्या भाकरीवर होत्या. बाकीची कोंबड्यांना कुस्करून घालायच्या आणि पाणी पिऊन उठायच्या. उठायच्या म्हणजे तीनदा प्रयत्न करून. पाण्याची अर्धी घागर आणताना वाटेत दोनदा टेकायच्या. हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत वर सरकायचं, ते घसरून पडू नये म्हणून त्यांनी त्याला चिंधी गुंडाळली होती. दंडाची कातडी धरली तर हातात नुसती कातडीच यायची. मी बघत होते आणि म्हणत होते, वय झालं. वय हा शब्द असा सोयीचा आहे की तो एकदा म्हटला म्हणजे पुढे काही करावं लागत नाही.

राजापेठेत पोचलो त्याच दिवशी शेजारणीने एक बातमी सांगितली. गेल्याच महिन्यात मूर्तिजापूरकडचा एक म्हातारा याच ऑपरेशनसाठी आला होता. सर्जननी त्याला उठवलं, बसवलं, त्याचे दंड दाबून बघितले आणि घरच्यांना म्हणाले, यांच्या अंगात काही उरलेलं नाही, घेऊन जा. बिचारे बैलगाडीत घालून परत घेऊन गेले. हे ऐकून आत्याबाईंचं तोंड उतरलं. मग म्हणाल्या, "मंजे थो डाक्टर पसंत करते, मंगच चिरते."

"हो," मी म्हटलं.

"मंग पसंत करवून घेऊ."

आणि आम्ही कामाला लागलो. माझी आई, मी आणि आत्याबाई. आठ दिवस आम्ही त्यांची तयारी केली, जशी आईने एकदा माझी केली होती. केसांना तेल, अंगाला तेल. रोज सकाळी अंगणात स्टुलावर बसवायचं आणि हात न टेकता उठायला लावायचं. मागून पदराखाली माझा हात त्यांच्या कमरेला, समोरून बघणाऱ्याला दिसणार नाही असा. उभ्या राहिल्या की चार पावलं, तुळशीच्या रिकाम्या कट्ट्यापर्यंत. आई डॉक्टर व्हायची, काठी घेऊन प्रश्न विचारायची. "वजनात कमी भरली तं?" आत्याबाईंना काळजी. "ओच्यात वरवंटा घालू का?" आईच्या हातून काठी पडली हसून हसून. वरवंटा आम्ही घातला नाही. लुगडी दोन नेसवली.

शेवटचे दोन दिवस त्या खाटेवरून हलल्याच नाहीत. बळ साठवून ठेवते म्हणाल्या. कुणी साधं बोलायला आलं तरी डोळे मिटून घ्यायच्या.

सर्जन उंच, घाईतले, कमी बोलणारे. त्यांनी हातोडीने गुडघे ठोकले, टाचणी टोचून कुठे कळतं ते बघितलं. मग आपली दोन बोटं पुढे केली. दाबा म्हणाले. आत्याबाईंनी दोन दिवसांचं साठवलेलं सगळं त्या दोन बोटांवर ओतलं. डॉक्टर हसले. "आजी, मला याच बोटांनी ऑपरेशन करायचं आहे," म्हणाले. मग उठून दाखवा. त्या उठल्या. माझा हात जागेवर होता. डॉक्टर तेव्हा कागदावर लिहीत होते.

"जेवण कसं आहे यांचं?" त्यांनी मला विचारलं.

"दोन भाकरी जेवतात."

"गेल्या वर्षभरात वाळल्या का?"

"नाही. पहिल्यापासून अशाच आहेत."

"पाय बिघडायच्या आधी काम किती करायच्या?"

"सगळं. पाणी, दळण, सगळं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली केली नाही. मास्तरीण होते, खोटं बोलणारी मुलगी नजर खाली करते हे मला पक्कं माहीत होतं. शिवाय त्या क्षणी मला वाटत होतं की मी फार चांगली सून आहे. सासूच्या ताटात अर्धी भाकरी असते हे परक्या माणसाला सांगणारी सून कसली? आणि आमच्या घरात खायला कमी आहे असं त्या टेबलासमोर उभं राहून मी सांगावं, हे तर शक्यच नव्हतं. ते आत्याबाईंनीच मला शिकवलं होतं.

"ठीक आहे, दाखल करा," ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर आत्याबाई पायरीवर बसल्या त्या तासभर उठू शकल्या नाहीत. ओठ पांढरे पडले होते. आईने वरुडची संत्री आणली होती, ती सोलून दिली. दोन फोडी चोखून त्यांनी बाकीचं संत्रं माझ्या हातात ठेवलं. "पसंत केलं की व मले," म्हणाल्या. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर त्याआधी कधी बघितला नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मी आजही कुणालाही सांगेन. सर्जननी बाहेर येऊन यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाब निघाला म्हणून सांगितलं. आम्ही वॉर्डात बायकांना साखर वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसत होते, तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसा साहेब." मला वाटलं मागे डॉक्टर आले. मागे कुणी नव्हतं. मग त्या भराभर सांगू लागल्या. "चालते मी. पानी आनते. दोन भाकरी जेवते. माही सून देते मले दोन भाकरी." पुन्हा पहिल्यापासून. चालते, पानी आनते, दोन भाकरी जेवते. हाक मारली तर मला ओळखत नव्हत्या. हात हवेत उचलून दोन बोटं शोधायच्या, दाबायला. सलाइनची सुई दोनदा निघाली, म्हणून शेवटी त्यांचे हात पट्टीने खाटेला बांधले. तरी बोटं आवळतच होती.

असं आठ दिवस चाललं. सिस्टर म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला मोठं ऑपरेशन झालं की होतं असं, डोकं ठिकाणावर येईल. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका आधी हसायच्या, मग त्यांनी आमच्याकडे पाठ करून झोपायला सुरुवात केली. एक जण मला म्हणाली, "बाई, भाग्याची आहे तुही सासू. बेसुद्धीतबी सुनेचं नाव काढते." मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथेही ऐकू येत होतं. बसा साहेब. दोन भाकरी जेवते.

दहाव्या की अकराव्या दिवशी त्या शुद्धीवर आल्या आणि त्याच आठवड्यात त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. मग डावा. टाचणी टोचली तर "आई गं" म्हणाल्या, आणि त्या "आई गं"वर आम्ही सगळे रडलो. सर्जन खूश होते. आता सहा आठवडे फळीवर पडून राहायचं, मग पट्टा बांधून बसवू, मग उभं करू, असा त्यांचा बेत होता.

पण ज्या शरीरात जमा काही नव्हतंच ते सहा आठवडे पडून कसं राहणार? त्या दिवसेंदिवस फळीला चिकटत गेल्या. दर दोन तासांनी आम्ही त्यांना कुशीवर करायचो, तरी माकडहाडापाशी जखम झालीच, आणि ती भरायचं नाव घेईना. पेज दोन चमचे. दूध दिलं की उलटी. मी रागवायची, हो, चक्क रागवायची, वर्गातल्या मुलींवर रागवावं तशी. "खा नं आत्याबाई, आता पाय आले, आता खायला काय होतं तुम्हाला?" त्या तोंड उघडायच्या, घास गालात धरून ठेवायच्या आणि मी वळले की पदरात काढायच्या. पट्टा बांधून बसवलं त्या दिवशी त्यांना घेरी आली. पुन्हा बसवलं, पुन्हा घेरी. सर्जन तळव्यावर टाचणी टोचायचे, त्या पाय ओढून घ्यायच्या, आणि ते कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "नसा तर सुटल्या आहेत. मग या उठत का नाहीत?" हा प्रश्न ते सिस्टरला विचारायचे. उत्तर खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभं होतं.

दवाखान्यात तिसरा महिना चालू होता. एक दिवस सकाळी व्हरांड्यात एक म्हातारा काठी टेकत चालत होता. बरोबर मुलगा होता, पण त्याने धरलं नव्हतं. वॉर्डाची थोरली सिस्टर कौतुकाने बघत होती. मी सहज विचारलं, कोण म्हणून.

"मूर्तिजापूरचे बाबा. हेच ऑपरेशन. आठवडाभरात घरी जातील."

मला वाटलं दुसरे कुणी असतील. मी म्हटलं, एका म्हाताऱ्याला तर साहेबांनी परत पाठवलं होतं नं?

"हेच ते. साहेबांनी पाठवलं होतं दोन महिने खायला घालून आणा म्हणून. दूध, अंडी, शेंगदाणे, आणि घरातल्या घरात धरून धरून जेवढं होईल तेवढं चालवा. घरच्यांनी केलं बरोबर. मग परत आले, मग ऑपरेशन केलं." तिने आत आत्याबाईंच्या खाटेकडे बघितलं. "तुमच्या म्हातारीलाही साहेबांनी आधी घरीच पाठवलं असतं. मी आंघोळ घालताना बघितलं नं त्यांचं अंग. ऑपरेशनच्या आधीच अर्ध्या गेलेल्या होत्या त्या. पण केसपेपरवर लिहिलंय, दोन भाकरी जेवतात."

तिने ते आरोप म्हणून म्हटलं नाही. नुसतं सांगितलं आणि इंजेक्शनचा ट्रे घेऊन निघून गेली. डॉक्टर आत्याबाईंना नाकारणार होतेच कुठे? ते फक्त थांबणार होते. आम्हाला माहीत असलेल्या तपासणीत एकदा नापसंत झालं की घरी जाऊन रडायचं असतं. दोन महिने थांबा, हिला खाऊपिऊ घाला, मग आम्ही परत येतो, असं कुठल्या सोयऱ्याने कधी म्हटलं आहे? मला ती तपासणी तशीच वाटली. शिकलेली होते मी, चाळीस मुलींना बेरजा शिकवत होते.

सर्जनसमोर जाऊन सांगावं असं दहादा मनात आलं. गेले नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही त्यांना अकोल्याला परत आणलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना यांनी त्यांना कडेवर घेतलं होतं. घरी पुन्हा तेच पसरट भांडं. फरक एवढाच की आता त्यांना सगळं कळत होतं. भांडं गार लागलं तरी कळायचं. पायाला माशी बसलेली कळायची. पाय जिवंत होते आणि त्यांच्यावर उभं राहायला वर कुणी नव्हतं.

एक दिवस दुपारी हे कचेरीत होते आणि मी त्यांची जखम धूत होते. त्या म्हणाल्या, "पाय तं आले व. मंग मी काहून उठत नाई?" तोच सर्जनचा प्रश्न. मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. मूर्तिजापूरचा म्हातारा, दोन महिने, दूध, अंडी, सिस्टर काय म्हणाली ते. सांगताना मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, तोंडाकडे नाही.

मला वाटलं, आता शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर सुखाने झोपले असते. त्या म्हणाल्या, "त्याले सांगू नको. थो तुले जन्मभर बोलंन." आणि थोड्या वेळाने, "शपथ घे." मी घेतली. मग त्यांनी जखम धुऊन झाली का म्हणून विचारलं.

पावसाळा सरता सरता त्या गेल्या. शेवटी शेवटी पुन्हा भ्रम झाला, पण या वेळी त्या काही सांगत नव्हत्या, फक्त बोटं आवळत होत्या.

हे आईवेडे. त्यांना एक कारण हवं होतं आणि त्यांनी डॉक्टर धरला. "घास खाणारी बाई नेली होती, डॉक्टरनं फळीला खिळवून मारली," हे त्यांनी वस्तीत सांगितलं, कचेरीत सांगितलं, दर सभेनंतर चहाच्या दुकानात सांगितलं. बोलणं त्यांचं चांगलं, लोक ऐकत. मी घरात असले तर माझ्याकडे बघून म्हणायचे, "हिला विचारा, ही होती तिथं." मी मान हलवायची. शपथ होती म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं. त्या सर्जनचं नाव आमच्या वस्तीत असं खराब झालं की पुढे तिकडे कुणी जाईना. त्या माणसाने काहीही चूक केली नव्हती. त्याने आमच्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच.

आत्याबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. आमच्यापासून तिसऱ्या घरात एक मावशी राहायच्या. आत्याबाईंपेक्षा थोड्या लहान, त्याच जिनात काम केलेल्या. बाई अशी दणकट की रागात माझं मनगट धरलं तर दिवसभर दुखायचं. तीन भाकरी खाऊन वर कांदा मागणारी. त्यांच्याही पायातली चप्पल निसटायला लागली. पुन्हा तोच फोटो, तोच दाब, तोच अमरावतीचा सर्जन. त्यांचा मुलगा तयार होता. पण मावशी म्हणाल्या, आधी मास्तरणीला विचारते.

भिंत धरत धरत त्या आमच्या घरी आल्या. रविवार होता. हे खाटेवर पेपर वाचत होते. मावशी चुलीपाशी टेकल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुह्या डोळ्यादेखत झालं सारं. दुसऱ्याचं मी ऐकत नाई. तू सांग, करू का मी आपरेशन?"

मी त्यांच्याकडे बघितलं. भरलेले दंड, गुडघ्यावर ठेवलेले दोन जाड हात. करा, म्हणायचं होतं. तुम्ही उठाल, म्हणायचं होतं. आणि मग मावशी लगेच विचारणार होत्या, मग तुझी सासू का नाही उठली? यांच्या हातातला पेपर खाली आला होता. हे वाट बघत होते, मी काय सांगते ते.

मी म्हटलं, "नका करू."

"मी तेच सांगतो," हे म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले.

मावशी त्यानंतर सहा वर्षं खाटेवर होत्या. पाय लाकडासारखे, बाकी सगळं धडधाकट, आवाज गल्लीभर जाणारा. सून शेतावर मजुरीला जायची, म्हणून शाळेत जाण्याआधी सकाळी मी त्यांच्याकडे जायची. त्यांनी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. मला बघितलं की तोंड भरून हसायच्या. जो येईल त्याला सांगायच्या, या मास्तरीणबाईनं मले वाचवलं, नाई तं मीबी तिच्या सासूवानी गेली असती. "बरं झालं बाई, तुह्यं ऐकलं," असं रोज म्हणायच्या. मी हो म्हणायची, त्यांना एका कुशीवर करायची आणि त्यांच्याखालचं भांडं काढायची.